मृगाआधी मैदानावर मुरूम पडायला हवा : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

मैदान विद्यापीठाच्या मालकीचे, पण पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तिथे सगळा परिसर खेळतो. कबड्डी-खो-खोचे संघ, रविवारचे क्रिकेटवाले, आणि सगळ्यांच्या आधी हजर होणारी पोलीस भरतीची मुले-मुली. विद्यापीठाने आम्हाला मोकळ्या मनाने खेळू दिले, त्याबद्दल आधी आभार.

अडचण मातीची आहे. आपली काळी माती कापसाला सोने, पण धावणाऱ्याचे हाल करते. पावसात फुगून बुटाला गोळे लागतात, उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात धावपट्टीवर पाणी साचले की भरतीच्या मुली अंधारात हमरस्त्याच्या कडेने 800 मीटरचा सराव करतात. शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण त्या एका धावेचे, म्हणून सराव सोडताही येत नाही. शेजारून भरधाव ट्रक जातात. हे आम्हाला बघवत नाही.

म्हणून यंदा मृग लागायच्या आत 400 मीटरच्या पट्टीवर चार इंच मुरूम टाकून दबाई करायची आहे. चार लेनची, साधारण पाच मीटर रुंदीची पट्टी धरली तर सुमारे 70 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागेल. दाबल्यावर तो बसतो, तेव्हा थोडा जास्तच. आतल्या बाजूने चर काढून पाणी ओढ्याकडे वळवायचे आहे. जागा विद्यापीठाची असल्याने काम त्यांच्या लेखी परवानगीनेच होईल आणि पक्के बांधकाम काहीही होणार नाही.

पैशांपेक्षा वस्तू आणि हात द्या. कुणाचा टिपर एक दिवस मिळाला, कुणाचा रोलर मिळाला तरी मोठे काम होईल. मुरूम मात्र रॉयल्टीची, म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची, पावती असलेलाच घेऊ. दबाईला पाणी लागेल. टंचाईत पिण्याचे पाणी मैदानावर ओतणे आम्हाला पटत नाही, तेव्हा मचूळ बोअरचे पाणी कुणाकडे असेल तर सांगा. आखणीला फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी पूड, हवी. खो-खोचे दोन्ही खांब बुडाशी कुजलेत, सुताराने तेवढे मनावर घ्यावे. रोख रक्कम देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्च मैदानाच्या फाटकावर लावू.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचे, रौप्य जिंकले. मराठवाड्याच्या पोरांच्या पायात बळ आहे, पायाखालची जमीन आपण नीट करू.

श्रमदान येत्या रविवारी सकाळी सहाला. फावडे-घमेले असेल तर सोबत आणा. इतर दिवशी संध्याकाळी आम्ही कबड्डीच्या मैदानाजवळ भेटतो.

आपले,
मैदानावर खेळणारे सर्व संघ