जाम झालेला जुना ट्रॅक्टर ओढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात शेतीची कामे ओसरली की खान्देशातल्या गावांत भंगारवाल्यांच्या फेऱ्या वाढतात आणि गोठ्यामागे वर्षानुवर्षे उभा असलेला, वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर किलोच्या भावाने जातो. विकण्याआधी तो एकदा सुरू करून पाहावा, अशी हौस काही घरांत असते. परंतु ती ज्या रीतीने भागवली जाते, तिच्यामुळेच शाबूत असलेले इंजिन मोडते.

ही रीत म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधायची, जुना गिअरमध्ये टाकायचा आणि ‘ओढा, व्हई जाई चालू’ म्हणत क्लच सोडायचा. जाम इंजिनात बहुधा पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरलेल्या असतात. अशा वेळी हिसका बसला की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग तो ट्रॅक्टर खरोखरच भंगार होतो.

आमच्याकडे बी-२७५ आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढलेल्या कंपनीचे हे चार सिलिंडरचे डिझेल मॉडेल. एकोणीस वर्षे तो पत्र्याखाली उभा होता. आम्ही चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून त्या छिद्रांतून रॉकेल व इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले आणि बारा दिवस वाट पाहिली. (घरातल्या तरुणांना हे बारा दिवस सर्वांत जड गेले.) त्यानंतर सेल्फ (स्टार्टर मोटर) उतरवून फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दात्यांत पहार अडकवली आणि मागे-पुढे, बोटभरच, हलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी इंजिनाने पूर्ण फेरा घेतला. नोझल मात्र तोवर बसवायचे नाहीत, कारण पिस्टनवर साचलेले तेल दाबले जात नाही आणि बाहेर पडायला वाट नसेल तर रॉड वाकण्याची भीती पुन्हा तीच.

इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट सावकाश सैल केला तेव्हा आधी पाणी आले, मग काळे ऑइल. पाणी जड असल्याने तळाशी बसते. टाकीतले डिझेल डिंकासारखे झाले होते. टाकी धुऊन, फिल्टर बदलून डिझेलच्या नळ्यांतली एअर (अडकलेली हवा) काढली, रॉकरचे झाकण उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत येतो का ते पाहिले आणि स्टॉपची (डिझेल बंद करण्याची) तार ओढून धरून सेल्फवर इंजिन फिरवले. ऑइलच्या मीटरचा काटा हलल्यानंतरच डिझेल सोडले.

एक दक्षता अनुभवी मिस्त्रीही विसरतात. बंद राहिलेल्या डिझेल पंपात रॅक (डिझेल किती जाईल ते ठरवणारी दांडी) अडकलेला असला तर सुरू होताच इंजिन सुसाट सुटते आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. त्यामुळे एअर क्लीनरची नळी काढून हवेच्या तोंडापाशी एक माणूस जाड फळी घेऊन उभा ठेवावा. फडके चालत नाही, ते आत ओढले जाते. आमच्याकडे फळीची गरज पडली नाही, तरी ती धरणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

इंजिन आता अर्धा तास शांतपणे चालते. मात्र क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली आहे आणि ट्रॅक्टर मधून न फोडता (इंजिन व गिअरबॉक्स वेगळे न करता) ती सोडवण्याची खात्रीची रीत आम्हाला अद्याप सापडलेली नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडील जुन्या मिस्त्रींनी या सदरातून ती कळवल्यास उपकार होतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. चोपडा