पोलिसांचं चित्रीकरण आणि मूळ फाइल

महोदय,

नळ स्टॉपला असो की स्वारगेटला, नाकाबंदीत मोबाइल काढला की ‘शूटिंगला बंदी आहे’ ऐकायला मिळतंच. पोलीस ठाणंसुद्धा १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२मध्ये सांगितलंय. रस्ता तर दूरच. मात्र अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ लागतं, तेव्हा चार पावलं मागे राहून, हुज्जत न घालता टिपावं.

खरी गफलत नंतर होते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ आकारानं लहान (कॉम्प्रेस) केला जातो, त्याचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा सांकेतिक क्रमांक, बदलतो. आणि असा व्हिडिओ न्यायालयात पुरावा म्हणून देताना लागणाऱ्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात हॅशच नोंदवावा लागतो. मूळ फाइल काटछाट न करता त्याच फोनमध्ये ठेवावी, प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

– दोन वाचक, पुणे