खुब्लेइ (खासी भाषेत धन्यवाद), शिलाँग!

परवा शिलाँगला येऊन वर्ष झालं. साताऱ्याचा पाऊस बघितलेला माणूस म्हणून जरा माज होता, तो पहिल्या जूनमधेच उतरला. लायतुमख्राहला (शिलाँगचाच एक भाग) छत्री उलटी होऊन भिजत उभा होतो तेव्हा ज्या चहावाल्या काँगनी (इथे मोठ्या बहिणीला काँग म्हणतात) आत बोलावून चुलीजवळ बसवलं, लाल (बिनदुधाचा) चहा दिला आणि पैसे घेतलेच नाहीत, त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही, आता तर लाजच वाटते. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडला आणि रस्ता चुकलो, तेव्हा घरापर्यंत सोडायला आलेली कॉलेजची दोन पोरं, थँक्यू रे. आणि पहिल्यांदा क्वाय (इथलं पान-सुपारी) खाऊन घाम फुटला तेव्हा हसत हसत पाणी देणारे काका, तुम्हालापण. पण सुपारी कच्ची असते हे आधी सांगायचं ना राव!