मूल कसे गिळते, हेही पाहायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबई परिसरात लहान मुलांच्या वाचा-उपचाराचे, म्हणजे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या अडचणींवरील उपचारांचे, काम करताना एक प्रसंग वारंवार अनुभवास येतो. दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आणले जाते आणि चौकशी करता कळते, की ते अजून पातळ पेजेवरच आहे, दूध पिताना त्याला रोज ठसका लागतो आणि न्यूमोनियामुळे त्याला अनेकदा रुग्णालयात ठेवावे लागले आहे. प्रत्येक वेळी न्यूमोनियावर रीतसर उपचार झालेले असतात. मात्र तो पुन्हा पुन्हा का होतो, हे शोधताना मुलाला खाताना कोणी पाहिलेलेच नसते.

घोट घशातून उतरताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. यात चूक झाली की दूध किंवा अन्न श्वासनलिकेतून फुप्फुसांत उतरते आणि त्यातून पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बाळांना अंगावर पिणे जड जाते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे), दुभंगलेला टाळू, डाऊन सिंड्रोम आणि स्नायूंचे काही आजार असलेल्या मुलांनाही गिळण्याचा त्रास होऊ शकतो. पिताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, नाकातून दूध येणे, खाल्ल्यावर आवाज घरघरणे, एकेका जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे आणि वजन न वाढणे या खुणा पालकांच्या नजरेस येतात. याहून फसवी गोष्ट अशी, की काही मुलांना अन्न श्वासनलिकेत गेले तरी खोकला येतच नाही. त्यामुळे ‘ठसका लागत नाही, म्हणजे सारे ठीक आहे’ असे समजणे धोक्याचे आहे.

घरात मात्र बोल लागतो तो आईला. मूल लाडावले आहे, त्याला दृष्ट लागली आहे, हिला भरवता येत नाही, असे सांगितले जाते. मग कोणी तरी मुलाला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे करून, बोंडल्याने किंवा चमच्याने दूध घशात ओतते. मूल उपाशी राहू नये ही तळमळ त्यामागे असते, हे मी जाणते. परंतु मान मागे झुकली की श्वासनलिकेचा मार्ग मोकळा होतो आणि दूध तेथे उतरण्याची शक्यता वाढते. मुलाला आधार देऊन ताठ बसवावे, मान किंचित पुढे असावी, चमचा लहान असावा, आधीचा घास गिळल्यावरच पुढचा द्यावा आणि रडत्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

निदानाची सुरुवात प्रत्यक्ष भरवणे पाहण्यापासून होते. शंका राहिल्यास क्ष-किरणांत स्पष्ट दिसणारे बेरियम मिसळलेले अन्न गिळताना चलत् क्ष-किरण चित्रण करतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. त्यावरून अन्न किती पातळ वा घट्ट असावे हे ठरते. त्यासाठी आता ० ते ७ अशा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी उपलब्ध आहे. दूध घट्ट करण्याची पावडर पालकांनी स्वतःच्या मनाने वापरू नये. अशा काही पावडरींच्या वापरानंतर अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्यांचे गंभीर आजार आढळल्याने त्याविषयी इशारे दिले गेले आहेत. काही मुलांना नाकातून किंवा थेट पोटात बसवलेल्या नळीने अन्न द्यावे लागते. पालकांना तो पराभव वाटतो. प्रत्यक्षात मुलाचे पोषण होते आणि तोंडाने भरवण्याची रोजची झटापट थांबते. तज्ज्ञांनी सुरक्षित ठरवल्यास जिभेला चव देणे व गिळण्याचा सराव नळी असतानाही सुरू ठेवता येतो.

आपल्याकडे या मुलांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा आहे. आशा सेविकांच्या गृहभेटींचे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांचे वेळापत्रक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. बाळ किती वेळा खाते, वजन किती भरले, हे तेथे विचारले जाते. त्याच भेटीत आईला समोर दोन-चार घास भरवायला सांगून ते पाहावेत, वर सांगितलेल्या खुणा नोंदवाव्यात आणि संशय आल्यास बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्याकडे लेखी चिठ्ठी द्यावी, एवढी सूचना ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य विभागांनी आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणासह द्यावी, अशी माझी विनंती आहे. तसेच गिळण्याची तपासणी कोणत्या सार्वजनिक रुग्णालयात, कोणत्या वारी आणि कोणत्या विभागात होते, याचा फलक प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात मराठीत लावावा. नवजात अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदपत्रांतही ही माहिती दिली जावी.

आपली,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे (प.)