‘ओव्हर’ची वही शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

उपासनेत तुमचे आभार मानायचं मी काढलं की तुम्ही हात वर करून थांबवता. सूचना लांबल्या की कल्याण-बदलापूरच्या लोकांची गाडी चुकते, म्हणता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव इथेही घेत नाही. आपल्या चर्चच्या मंडळीतल्यांना ते सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्या ज्या पाळकांनी हे वाचावं असं मला वाटतं त्यांना तुमची रीत कळली तरी पुरे.

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, आम्ही शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास केला, उपदेश कसा बांधायचा ते शिकलो, मंडळीचा इतिहास शिकलो. पण एका आठवड्यात एक दफनविधी, दोन लग्नांची कागदपत्रं, तरुण संघाचं शिबिर, कमिटीची सभा, गच्चीची गळती आणि तीन रुग्णालयांतली माणसं एकदम आली तर दिवस कसा लावायचा, हे कोणी शिकवत नाही. मुंबईत तर याला आणखी एक बाजू आहे. गिरगाव, भायखळा, माझगाव इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना एकेकाळी पाळक पायी भेटून यायचे. आज तीच कुटुंबं विरारपासून पनवेलपर्यंत पसरली आहेत. रविवारी चर्चला येतात ती जुन्या ओढीने, दीड-दीड तास लोकलने प्रवास करून.

मी इथे रुजू झालो तेव्हा तुम्ही पालिकेच्या रुग्णालयातून इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाला होतात. एका दुपारी ऑफिसात आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, “पाळकसाहेब, आधीच्या पाळकांनी तुम्हाला ओव्हर दिली का?” वॉर्डात ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी नेऊन सांगते: याचं ड्रेसिंग राहिलंय, हिला रात्री ताप होता, याच्या घरचे सकाळी येणार आहेत. आमच्यात पाळकांची बदली होते तेव्हा हार-नारळ होतात, चहापान होतं, कपाटाच्या किल्ल्या हाती येतात. कोणत्या घरात कोण खचलंय हे मात्र जाणाऱ्याबरोबरच निघून जातं.

मग तुम्ही ती वही घालून दिलीत. पुठ्ठ्याची, लांब रजिस्टरची. रकानेही तुम्हीच आखलेत: घर, स्टेशन, शेवटची भेट, सध्या काय चाललंय, पाळकांनी काय कबूल केलं, कधीपर्यंत. पाचवा रकाना लाल शाईने भरायचा हा तुमचा हट्ट. त्यातली एक नोंद अशी आहे: ‘डोंबिवली. आजोबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोठ्या अक्षरांचं शास्त्र नेऊन देणे. नाताळच्या आधी.’ काम झालं की त्यावर आडवी रेघ आणि तारीख. घरातून निघताना दारात चपला घालता घालता आपण जे सहज बोलून जातो, ‘बघतो हां’, ‘बोलतो मी त्यांच्याशी’, तेच समोरचा माणूस महिनाभर धरून बसलेला असतो, असं तुम्ही म्हणाला होतात. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हा वॉर्डातला नियम तुम्ही मंडळीत आणलात, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ झाला तो कधीच कशाची तक्रार न करणाऱ्यांना. गडबड करणाऱ्यांची आठवण आपोआप राहते. मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताला निघून जाणारी माणसं वहीशिवाय राहून जातात.

काय लिहायचं नाही, हे तुम्ही तितक्याच कडकपणे सांगितलंत. नवरा-बायकोतलं, कर्ज, मुलाचं व्यसन, विश्वासाने सांगितलेलं काहीही वहीत येता कामा नये. तिथे फक्त ‘बोलणं झालं’ एवढंच. वही टेबलावर राहू शकते, कोणाच्याही हाती लागू शकते. चर्चच्या कामात नीटनेटकेपणा आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी शिकावी असं मला वाटतं, विशेषतः आता प्रार्थनेची विनंती म्हणून लोकांचे आजार सरसकट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले जातात तेव्हा.

भेटींची यादी आडनावाप्रमाणे होती. ती तुम्ही रेल्वेच्या मार्गाप्रमाणे केलीत: एक दिवस मध्यचा, एक पश्चिमचा, एक हार्बरचा. सकाळी अकराच्या सुमारास कल्याणकडे निघालं की बसायला जागा मिळते, दुपारी वर येतानाही फार गर्दी नसते, आणि परळला उतरून केईएम किंवा टाटा रुग्णालयात संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला पोहोचता येतं. शनिवारी मेगाब्लॉकची बातमी बघून त्या बाजूच्या घरांना निरोप जातो, हेही तुमचंच. आता ते काम तरुण संघातली एक मुलगी करते.

कामं वाटून देण्याबद्दल मी कचरत होतो. आजाऱ्यांना भेटायला पाळकानेच जावं अशी लोकांची अपेक्षा असते. तुम्ही बायबलमधल्या निर्गमाचा अठरावा अध्याय उघडून समोर ठेवलात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मग तुम्ही आपल्या मंडळीतल्या निवृत्त नर्सेसची नावं काढलीत, कोण ठाण्याला, कोण वसईला, कोण सायनला, आणि विभागवार भेटींची ड्यूटी लिस्ट लावलीत. मराठी ख्रिस्ती घरांत नर्सिंग केलेल्या बायका कमी नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी कसं बसावं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला लग्नाचा कागद अजून तसाच आहे. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस, मग सर्टिफिकेट, आणि ते दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत. हॉल मिळेना म्हणून तारीख पुढे ढकलायला येणाऱ्या घरच्यांना मी थेट तो कागदच दाखवतो.

आणि सोमवार. याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे. कमिटीच्या सभेत पाळकांच्या सुट्टीचा विषय निघाला तेव्हा सगळे खाली बघत होते. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, “रविवार ही यांची नाईट ड्यूटी. नाईटनंतर ऑफ असतोच.” ठराव त्याच दिवशी झाला. त्यानंतर सोमवारी दफनविधी किंवा कोणाचं अत्यवस्थ असणं सोडलं तर फोन तुमच्याकडे वळवलेला असतो. माझ्या मुलांना एक अख्खा दिवस बाप मिळाला तो तुमच्यामुळे, आणि माझ्या बायकोने तुम्हाला वेगळा सलाम सांगितला आहे. मंगळवार ते शुक्रवार सकाळचे सहा ते नऊ उपदेशासाठी राखून ठेवायचे, हेही त्याच सभेत ठरलं. शनिवारी रात्री जागून तयार केलेला आणि मंगळवारपासून मनात मुरलेला उपदेश यांतला फरक मंडळीला कळतो. लोक तसं बोलूनही दाखवतात.

पुढच्या वर्षाचं तुमच्या पद्धतीने आत्ताच मांडून बसलोय. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला येतोय, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीलाच आणि पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण पेंटेकॉस्ट 16 मे. नाताळ आवरतो न आवरतो तोच उपवासकाळाच्या घरसभा लागतील, तेव्हा वक्त्यांना ऑक्टोबरातच विचारायला हवं. ऐन मे महिन्यात अर्धी मंडळी गावी असते, त्यामुळे दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग ईस्टरआधी संपवायचा विचार आहे. तुमचं काय मत?

एक मागणं आहे. माझीही कधीतरी इथून बदली होईल. वही भरलेली आहे, लाल रकाने मी नियमाने बघतो. नवे पाळक येतील तेव्हा आम्ही दोघं मिळून घराघरांत जाऊन ओव्हर द्यायची, असं मी कमिटीला लिहून देतोय. त्या पत्रावर सूचक म्हणून तुमची सही हवी. रविवारी उपासनेनंतर ऑफिसात याल का? कागद तयार ठेवतो.

तुमचा,
पाळक
मुंबई