नैराश्याच्या रुग्णासाठी अर्धा तास राखून ठेवावा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात नैराश्य क्वचितच स्वतःच्या नावाने येते. कंबरदुखी, उडालेली झोप, मंदावलेली भूक, 'अंगात त्राणच उरले नाही' अशा तक्रारी घेऊन ते येते आणि बाहेर रांग लांब असल्यामुळे पुष्कळदा वेदनाशामक व जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जाते. महिन्याभराने तोच रुग्ण पुन्हा समोर बसलेला असतो. त्याला याच केंद्रात देता येण्याजोग्या सहा ते आठ बैठकांच्या समुपदेशनाविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यासाठी लागणाऱ्या देखरेखीविषयी, मी हे पत्र लिहीत आहे.

हे समुपदेशन म्हणजे धीराचे चार शब्द नव्हेत. त्याला ठरलेली पद्धत आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट टाळू लागतो, टाळल्याने घटकाभर सुटल्यासारखे वाटते, पण समाधान देणारे प्रसंगही त्याबरोबर आटतात आणि मन आणखी खचते. समुपदेशक रुग्णाकडून रोजच्या कामांचा तक्ता भरून घेतो व कशाने थोडे बरे वाटले, कशाने वाईट, हे दोघे मिळून पाहतात. 'रोज फिरायला जाईन' असे रुग्ण म्हणाला, तर चांगला समुपदेशक ते तसेच लिहून घेत नाही. केव्हा, कोणाबरोबर, कुठवर, असे विचारत तो संकल्प 'उद्या सकाळी अंघोळ झाल्यावर बहिणीबरोबर कोपऱ्यापर्यंत' इतका लहान करतो. पुढच्या खेपेला ते जमलेले नसेल, तर दोष न देता आड काय आले याचा शोध घेतो.

या कामासाठी प्रत्येक केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, याचा पुरावा उपलब्ध आहे. गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मानसिक आरोग्याची कोणतीही व्यावसायिक पदवी नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी ही पद्धत वापरली. तीन महिन्यांनंतर त्यांच्याकडील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून सावरलेले होते. केवळ नेहमीची सेवा, तीही थोडी सुधारून, मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. झिम्बाब्वेत दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून वडीलधाऱ्या स्त्रिया रुग्णाला त्याच्या अडचणी एकेक करून सोडवायला मदत करतात, आणि तिथल्या चाचणीचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत.

हे आकडे वाचून चार दिवसांचे प्रशिक्षण शिबिर भरवण्याचा मोह होईल. तो कृपया आवरावा. गोव्यातील समुपदेशक आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत, परस्परांच्या कामाला गुण देत आणि चुका दुरुस्त करत. माझ्या मते यश टिकते ते अशा देखरेखीमुळे, आणि अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते तीही तिलाच. देखरेख सुटली की समुपदेशक नकळत उपदेशाकडे वळतो, मग रुग्ण तिसऱ्या बैठकीला येत नाही आणि 'लोकांना याची गरज वाटत नाही' असा शेरा अहवालात पडतो.

तपासणी मोहिमेबाबतही एक विनंती आहे. नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते, परंतु तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. असे विचार येतात असे उत्तर आल्यावर त्याच दिवशी त्या माणसाशी कोण बोलणार हे ठरलेले नसेल, तर प्रश्नावली वाटूच नये. अशा रुग्णांना, तसेच भ्रम, भास किंवा उन्मादाची लक्षणे असणाऱ्यांना तज्ज्ञाकडे पाठवण्याची वाट आधी तयार हवी. औषधांनाही माझा विरोध नाही. तीव्र नैराश्यात ती अनेकदा आवश्यकच असतात. समुपदेशनाने प्रत्येक जण बरा होतो असाही दावा नाही, म्हणूनच दर बैठकीला या प्रश्नावलीचा गुणांक नोंदवून, सुधारणा न दिसणाऱ्या रुग्णाचा उपचार वेळीच बदलावा लागतो.

तेव्हा मागणी अशी आहे. समुपदेशकाचे पद स्वतंत्र असावे आणि लसीकरणाच्या नोंदी, सर्वेक्षणे, औषधांचा साठा मोजणे ही कामे त्याच्यावर टाकू नयेत, अशी स्पष्ट तरतूद शासन आदेशातच असावी. त्याला दार लावता येईल अशी एक खोली मिळावी. पडद्याआड, पलीकडे इंजेक्शनची रांग लागलेली असताना, कोणी मनातले बोलत नाही. दर आठवड्याच्या देखरेख बैठकीचा वेळ त्याच्या कामाच्या तासांतच धरावा आणि तिचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा. केंद्राच्या कामाचे मोजमाप किती लोकांची तपासणी झाली यावरून न करता, किती जणांनी बैठका पूर्ण केल्या आणि त्यांचा नैराश्याचा गुणांक किती उतरला, यावरून व्हावे.

येत्या अंदाजपत्रकात देखरेखीसाठी स्वतंत्र तरतूद होणार आहे का, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
प्राथमिक आरोग्य सेवेतील एक वैद्यकीय अधिकारी