विजेतेपदे मोजून प्रशिक्षक कळत नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या थोर प्रशिक्षकांची यादी वाचली. मराठी वृत्तपत्राने या खेळाला जागा दिली याचा आनंद झाला, पण यादी वाचून वाईट वाटले. क्रम लावायला एकच माप घेतले आहे, राष्ट्रीय विजेतेपदांचे. जॉन वुडन 10, माइक शिशेव्हस्की 5, ॲडॉल्फ रप 4, आणि बरेच खाली डीन स्मिथ 2. त्यात एकही स्त्री नाही.

मी 2001 पासून नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे राहते. रॅलेचे एनसी स्टेट, डरहॅमचे ड्यूक आणि चॅपल हिलचे यूएनसी (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ) ही तिन्ही विद्यापीठे आमच्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासाच्या आत आहेत. मुलगा चॅपल हिलला शिकला, जावई ड्यूकचा. मार्च उजाडला की आमच्याकडे जेवताना हाच वाद असतो, त्यामुळे या विषयावर मला मनापासून काही सांगायचे आहे.

राष्ट्रीय स्पर्धा दर मार्चमध्ये असते आणि ती बाद पद्धतीची आहे. एकदा हरला तो संघ घरी. 68 संघांतून विजेता व्हायला साधारण तीन आठवड्यांत सलग सहा सामने जिंकावे लागतात. वुडन यांच्या यूसीएलएने (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने) 1964 मध्ये पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा स्पर्धेत 25 संघ होते आणि त्यांना चार सामने पुरले. वुडन यांचे मोठेपण मला कमी करायचे नाही. सलग सात वर्षे विजेता राहणे पुन्हा कोणाला साधलेले नाही. पण तेव्हाचे 10 आणि आताचे 5 एकाच तागडीत कसे टाकणार? शिवाय तेच वुडन यूसीएलएला 1948 मध्ये आले होते. पहिले विजेतेपद मिळायला त्यांना 16 मोसम लागले.

यूएनसीचे प्रशिक्षक स्मिथ यांच्या दोन विजेतेपदांकडे जरा बारकाईने पाहावे. 1982 च्या अंतिम सामन्यात 19 वर्षांच्या मायकेल जॉर्डनने शेवटच्या काही सेकंदांत बास्केट केली, आणि लगेच जॉर्जटाउनच्या खेळाडूने चेंडू चुकून स्मिथ यांच्याच खेळाडूच्या हातात दिला. निकाल 63-62. 1993 च्या अंतिम सामन्यात मिशिगनच्या क्रिस वेबरने शिल्लक नसलेला टाइमआउट (खेळ थोडा थांबवण्याची सवलत) मागितला आणि संघाला दंड बसला. हे दोन क्षण वेगळे घडले असते तर कदाचित स्मिथ यांच्या नावापुढे शून्य लिहिले असते. मग 36 वर्षे आणि 879 विजय घेणारा हा माणूस सामान्य प्रशिक्षक ठरला असता का? हा प्रश्न मी जावयाला दरवर्षी विचारते. ड्यूकचा असूनही तो यावर गप्प होतो.

याच स्मिथ यांचा प्रतीकात्मक पुतळा 1965 मध्ये चॅपल हिलच्या विद्यार्थ्यांनी एका पराभवानंतर फासावर लटकवला होता. शिशेव्हस्की यांचीही ड्यूकमधली पहिली तीन वर्षे 38 विजय आणि 47 पराभव अशी गेली. त्यांना काढून टाका, अशी माजी विद्यार्थ्यांची मागणी होती. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी उलट त्यांचा करार वाढवला. ते निवृत्त झाले तेव्हा एकूण 1,202 विजय त्यांच्या नावावर होते. त्या दोन्ही वेळी कोणी आपल्या यादीचे माप लावले असते तर दोघांनाही घरी जावे लागले असते.

माझ्या मते कॉलेजचा प्रशिक्षक आधी शिक्षक असतो. 18 वर्षांची मुले त्याच्या ताब्यात येतात आणि त्यातली बहुतेक पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. चार्ली स्कॉट हा यूएनसीचा शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला स्मिथ यांनी 1966 मध्ये आणले, तेव्हा वर्णभेदाने ग्रासलेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात ही लहान गोष्ट नव्हती. 2015 मध्ये स्मिथ वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे सुमारे 180 माजी खेळाडूंना प्रत्येकी 200 डॉलरचा धनादेश टपालाने आला. कोचकडून बाहेर जेवायला जा, असा निरोप सोबत होता. त्यात जॉर्डन होता आणि ज्याचे नाव आज कोणाला आठवत नाही तोही होता. ही बातमी मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवली होती.

आता कोणी म्हणेल, मग किती खेळाडूंना पदवी मिळाली हेच मोजा. एके काळी मीही तेच म्हणत असे. 2014 च्या चौकशी अहवालात मात्र असे निघाले की चॅपल हिलमध्येच 1993 ते 2011 या काळात वर्ग न भरता, केवळ निबंध घेऊन गुण दिले जात होते. त्याचा लाभ 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांत खेळाडू फार होते. त्यातली पहिली काही वर्षे स्मिथ यांच्याच कारकिर्दीत मोडतात. मुलाच्या विद्यापीठाबद्दल हे लिहिताना मला त्रास होतो, पण झाकून ठेवणार नाही. पदवीचा आकडाही पोकळ असू शकतो.

आता जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले तिच्याविषयी. एनसी स्टेटच्या के याव. 1975 पासून 2009 पर्यंत त्या तिथल्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या. सगळ्या कारकिर्दीत मिळून 737 विजय, राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. 1998 मध्ये एकदाच त्यांचा संघ अंतिम चारांत पोहोचला. मुलींची एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धाच मुळी 1982 मध्ये सुरू झाली. 1987 मध्ये याव यांना स्तनाचा कर्करोग झाला, आणि पुढच्याच वर्षी सोलला त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या मुलींनी ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. आजार पुढे उलटला. 2006-07 च्या मोसमात काही सामने रजा घेऊन त्या बाकावर परतल्या आणि संघ शेवटच्या 16 मध्ये गेला. त्या मोसमात मी माझ्या धाकट्या मुलीला एनसी स्टेटच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये नेले होते. परतताना गाडीत तिने विचारले, ‘आई, एवढं बरं नसताना त्या का येतात?’ मी म्हणाले, ‘त्यांच्या मुली खेळतायत ना.’

जानेवारी 2009 मध्ये के याव गेल्या. त्यांच्या नावाचा निधी आजही कर्करोगाच्या संशोधनाला पैसा देतो, आणि रेनॉल्ड्सच्या मैदानावर त्यांचे नाव आहे. शेजारच्या टेनेसीच्या मुलींच्या प्रशिक्षक पॅट समिट यांच्याकडे तर आठ विजेतेपदे आहेत, म्हणजे आपल्याच मापाने त्या शिशेव्हस्की यांच्या वर हव्या होत्या.

पुढच्या मार्चमध्ये अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा समिट यांना त्यांची जागा द्यावी, आणि के याव यांचे नाव त्यांच्या शून्यासकट छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलायना